जोडीचे सर्व्हर: कमी खर्चात वेबसाइट आणि मेल चालू ठेवण्याची रीत

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या ट्रिप झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. वागळे इस्टेटमधल्या आमच्या लहानशा ऑफिसात तेव्हा टेबलाखाली दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक राखीव. राखीव मी खास अशाच दिवसासाठी घेतला होता. दोन्ही एकाच यूपीएसवर, एकाच फायबरवर. वीस-पंचवीस मिनिटांनी यूपीएसची पीपी थांबली आणि दोन्ही यंत्रं एकाच क्षणी बंद पडली.

तेव्हापासून मी सर्व्हर किती आहेत हे मोजत नाही, त्यांच्यात सामाईक काय आहे ते मोजतो. खाडी ओलांडायला वाशीचा पूल आहे तसा ऐरोलीचाही आहे, म्हणून वाशीला कोंडी झाली की लोक ऐरोलीवरून निघतात. दोन्ही पुलांकडे जायला एकच रस्ता असता तर दुसऱ्या पुलाचा काय उपयोग? राखीव सर्व्हरचंही तसंच आहे.

क्लास, दवाखाना, व्यापाऱ्याचा गाळा, लहान कारखाना अशा ठिकाणची वेबसाइट आणि मेल सांभाळायची जबाबदारी ज्यांच्यावर नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लिनक्सची कमांड लाइन थोडीफार येते, एवढं गृहीत धरलं आहे. खर्च म्हणाल तर एक जीबी रॅमचा लहान व्हीपीएस (डेटा सेंटरमधला भाड्याचा आभासी सर्व्हर) महिन्याला साधारण पाच-सहा डॉलरला मिळतो, जीएसटीसकट पाचशे ते साडेसहाशे रुपये. असे दोन, आणि वर थोडी साठवणीची जागा. महिन्याला दीड हजारात बसतं.

पायरी १: पैसे घालण्याआधी कागद

वेबसाइट आणि मेल चालू राहायला काय काय लागतं ते एका कागदावर लिहा. डोमेन, ते जिथून घेतलं ते खातं, डीएनएस, सर्व्हर, सर्टिफिकेट, डेटाबेस, बिल भरायचं कार्ड, पासवर्ड माहीत असलेली माणसं. प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे गेलं तर काय बंद पडेल? जिथे उत्तर 'सगळंच' येतं तिथून कामाला सुरुवात करायची. मी आजवर असे बरेच कागद पाहिले. त्यावर सर्व्हरच्याही आधी तीन जागा निघतात आणि तिन्ही जवळजवळ फुकटात दुरुस्त होतात.

पहिली जागा म्हणजे डोमेनच्या खात्यावरचा ईमेल. तो पत्ता त्याच डोमेनवरचा असेल, तर डोमेन अडकल्यावर पासवर्ड बदलायची लिंकही त्याच बंद पेटीत जाऊन पडते. तिथे बाहेरचा पत्ता द्या, दोन टप्प्यांची पडताळणी लावा, रिकव्हरी कोड छापून कपाटात ठेवा. डोमेन एका वेळी दहा वर्षांपर्यंत भरता येतं. निदान तीन-चार वर्षांचं भरून टाका.

दुसरी जागा कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना ई-मँडेट, म्हणजे आधी नोंदवलेली परवानगी, लागतं. तेव्हापासून परदेशी कंपन्यांची महिन्याची वसुली कितीतरी जणांच्या कार्डावर नाकारली जाऊ लागली. सर्व्हर धडधाकट असतो, बिल थकलं म्हणून बंद होतो. दोन सर्व्हर दोन कंपन्यांकडे घ्या आणि बिलं दोन वेगळ्या कार्डांवर ठेवा. आगाऊ रक्कम जमा ठेवायची सोय असेल तिथे तीन महिन्यांची ठेवा.

तिसरी जागा तुम्ही स्वतः. तुम्हाला ताप आला, तुम्ही गावाला गेलात, तर कोण काय करेल? दोन पानांचं टिपण आणि पासवर्डचं सीलबंद पाकीट मालकाच्या तिजोरीत असू दे.

पायरी २: डीएनएस

डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी ही यंत्रणा पडली, की मागचे दहा सर्व्हर चालू असूनही कुणाला सापडत नाहीत. म्हणून नेमसर्व्हर, म्हणजे ही उत्तरं देणारे सर्व्हर, किमान दोन, आणि तेही वेगळ्या नेटवर्कवर आणि वेगळ्या गावात, अशी शिफारस इंटरनेटच्या मानकांमधल्या १९९७ च्या आरएफसी २१८२ या दस्तऐवजातच आहे. नवख्या माणसाने नेमसर्व्हर स्वतः चालवायच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. क्लाउडफ्लेअर किंवा हरिकेन इलेक्ट्रिक यांची डीएनएस सेवा फुकट मिळते, आणि ती आपण दोन लहान सर्व्हरांवर उभारू त्यापेक्षा कितीतरी भक्कम असते. सेवा निवडताना एवढंच पाहा की तिला एपीआय (नोंदी स्क्रिप्टमधून बदलायची सोय) आहे का. पायरी ५ मध्ये तो लागणार आहे. सगळ्या नोंदींची एक मजकुराची प्रत आपल्याकडेही ठेवा.

ज्या नोंदी बदलायची वेळ येऊ शकते त्यांचा टीटीएल, म्हणजे उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा, ३०० सेकंद करा आणि तसाच राहू द्या. एरवी एक दिवसाचा ठेवायचा आणि ऐनवेळी कमी करायचा, याला अर्थ नाही. ज्या रिझॉल्व्हरांनी (लोकांच्या वतीने डीएनएसला विचारणाऱ्या सर्व्हरांनी) जुना पत्ता घेऊन ठेवला आहे ते तो दिवस सरेपर्यंत नवा विचारायलाच येत नाहीत. ३०० ठेवूनही सगळे पाच मिनिटांत वळतात असं नाही, काही ठिकाणी टीटीएल पाळत नाहीत. थोडे लोक मागे राहणार हे धरूनच चाला.

पायरी ३: दोन सर्व्हर, दोन गावं

घरच्या किंवा ऑफिसच्या ब्रॉडबँडवर सर्व्हर ठेवायचा मोह होतो, कारण जुना पीसी पडून असतो. लोकांसाठीची वेबसाइट आणि मेल तिथे ठेवू नका. आयपी बदलत राहतो, अनेकदा तो तुमचा एकट्याचा नसतोच. शंभरेक ग्राहक एका आयपीमागे असतात आणि बाहेरून तुमच्यापर्यंत वाटच नसते. मेलसाठी लागणारं २५ नंबरचं पोर्टही बहुतेक बंद असतं. त्या जुन्या पीसीला आपण दुसरं काम देणार आहोत.

एक व्हीपीएस मुंबईत घ्या, दुसरा दुसऱ्या कंपनीकडून बंगळुरूत. दोन वेगळ्या कंपन्यांचे दोन 'मुंबई' सर्व्हर घेतले तर काय बिघडलं, असं कुणी विचारतं. महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात डेटा सेंटरांची दाटी आहे आणि बऱ्याच कंपन्या तिथे भाड्याच्या जागेत बसतात. बिलावर दोन नावं असतील आणि यंत्रं एकाच इमारतीत शेजारी-शेजारी असतील, हे सहज शक्य आहे. मुंबई-बंगळुरू अंतराने लागणारा वेळ साधारण वीस-पंचवीस मिलिसेकंद असतो, आपल्या कामाला तो जाणवतही नाही.

दोन्हीकडे डेबियनची एकच आवृत्ती टाका. पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त किल्लीने एसएसएच, फायरवॉलमध्ये लागतील तेवढीच पोर्टं, सुरक्षेचे अपडेट आपोआप, घड्याळासाठी क्रोनी, एक जीबीची स्वॅप. दोघांमध्ये वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा टाका, म्हणजे डेटाबेसची बोलणी उघड्या इंटरनेटवर होणार नाहीत. प्रत्येक पाऊल लिहून ठेवा, जमलं तर अँसिबल या सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनात. राखीव सर्व्हर मुख्य सर्व्हरसारखाच आहे, हे लिहिलेलं नसेल तर महिन्याभरात ते खरं उरत नाही.

पायरी ४: वेबसाइट

इथे आधी एक ठरवा. तुमची साइट फक्त वाचायची आहे की लोक तिथे काही लिहितात, ऑर्डर देतात, फॉर्म भरतात?

फक्त वाचायची असेल तर काम हलकं आहे. दोन्ही सर्व्हरांवर एनजिनएक्स (पानं देणारा वेब सर्व्हर), दर पाच मिनिटांनी आरसिंक या फाईली जुळवणाऱ्या आदेशाने मजकूर पहिल्याकडून दुसऱ्याकडे, आणि डीएनएसमध्ये एकाच नावाला दोन्ही आयपींच्या दोन ए नोंदी (नावाचा आयपी सांगणाऱ्या). एक सर्व्हर जोडणीच देत नसेल तर आजचे ब्राउझर दुसऱ्या पत्त्यावर जाऊन पाहतात. मात्र सर्व्हर जिवंत आहे आणि चुकीचं पान देतो आहे, अशा वेळी ब्राउझर त्यालाच उत्तर समजतो. हे लक्षात ठेवा, पायरी ५ मधल्या राखणदाराची गरज तिथूनच निघते.

वर्डप्रेससारखी साइट असेल तर डेटाबेस आला. एक जीबीच्या दोन सर्व्हरांवर 'दोन्हीकडे लिहिता येईल' अशी रचना करू नका. मधली जोडणी तुटली की दोघंही स्वतःला मुख्य समजून ऑर्डरी घेत बसतात आणि नंतर दोन वह्या जुळवता जुळवता रात्र जाते. गॅलेरासारख्या क्लस्टरला (अनेक यंत्रांवर मिळून चालणाऱ्या डेटाबेसला) म्हणूनच किमान तीन यंत्रं लागतात, बहुमत कुणाचं ते ठरवायला. आपण साधी वाट धरू. पहिल्यावर मारियाडीबी मुख्य, दुसऱ्यावर तिची नक्कल, आणि ती फक्त वाचता येईल अशी. सर्व्हर-आयडी दोन्हीकडे वेगळा द्या. मूळ सेटिंगमध्ये दोन्हीकडे १ असतो आणि पहिल्याच दिवशी लोक तिथे अडकतात. अपलोड केलेले फोटो आरसिंकने. ए नोंद एकच, पहिल्या सर्व्हरची.

सर्टिफिकेटचं आधीच ठरवा. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवस चालतं आणि नूतनीकरणाच्या वेळी ते तुमच्या वेबसाइटवर एक फाईल शोधतात. दुसऱ्या सर्व्हरकडे एरवी कुणी येतच नाही, मग त्याचं नूतनीकरण होत नाही, आणि नेमकी त्याची पाळी येते तेव्हा ब्राउझर लाल पान दाखवतो. उपाय म्हणजे दोन्हीकडे डीएनएसवरून होणारी पडताळणी वापरा. तारीख जवळ आल्याचे इशारे लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी ईमेलने पाठवत असे, ते ४ जून २०२५ पासून बंद झाले. दोन्ही सर्व्हरांच्या सर्टिफिकेटची तारीख आता तुमची तुम्हीच तपासायची.

आणि आरसिंक, नक्कल, हे बॅकअप नव्हे. कुणी चुकून ऑर्डरचं टेबल उडवलं तर ते बंगळुरूतही तितक्याच इमानाने उडतं, पुढच्याच सेकंदाला.

पायरी ५: राखणदार

पहिला सर्व्हर पडला हे ठरवणार कोण? पहिला सांगू शकत नाही. दुसऱ्याने एकट्याने ठरवलं तर मधली वाट तुटल्यावरही तो 'पहिला मेला' म्हणेल. म्हणून तिसरी जागा लागते, आणि इथे घरचा जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय कामाला येतो. माझा रास्पबेरी पाय वर्तकनगरच्या घरी टीव्हीच्या फळीवर असतो, राउटरच्या बारा व्होल्टच्या लहान यूपीएसवर. त्याचं काम एका स्क्रिप्टएवढं आहे.

दर मिनिटाला तो दोन्ही सर्व्हरांना थेट आयपीवर विचारतो, डीएनएसमधून नाही. विचारतो ते पिंग करून नाही. साइटवर एक खास पान आहे, ते डेटाबेसमधून एक ओळ वाचतं, डिस्कवर एक फाईल लिहून पुसतं, आणि सगळं जमलं तरच 'ठीक' हा शब्द छापतं. हे पान करण्याआधी मी पिंगवर विसंबून होतो. एकदा लॉग वाढून डिस्क शंभर टक्के भरली, डेटाबेस गोठला, ग्राहकांना कोरं पान दिसत होतं आणि माझ्या फलकावर सलग पाच तास हिरवा दिवा होता. पिंगला उत्तर द्यायला डिस्क लागत नाही.

स्क्रिप्टचे नियम असे ठेवा:

- पहिला सलग तीन वेळा 'ठीक' म्हणाला नाही आणि दुसरा म्हणाला, तर दुसऱ्या सर्व्हरलाही विचार: तुला पहिला 'ठीक' म्हणतो का? दोघांचंही मत 'नाही' असेल तरच एपीआयने ए नोंद बदल.
- दोन्ही सर्व्हर पडलेले दिसले तर काहीही बदलू नकोस. बहुधा आपल्याच घरचं इंटरनेट गेलं आहे.
- एकदा नोंद बदलली की आपणहून परत फिरवू नकोस. फोनवर निरोप दे आणि थांब.

तिसरा नियम लोकांना जाचक वाटतो, पण त्यात माझं मत पक्कं आहे. पहिला सर्व्हर परत उठला तेव्हा त्याच्याकडची वही जुनी असते. मधल्या वेळेतल्या ऑर्डरी दुसऱ्याकडे आहेत. वाहतूक आपोआप मागे गेली तर त्या ऑर्डरी लोकांच्या डोळ्यांसमोरून नाहीशा होतात. शिवाय अर्धवट बिघडलेला सर्व्हर पडतो, उठतो, पुन्हा पडतो, आणि नोंद दर पाच मिनिटांनी इकडून तिकडे उड्या मारते.

डेटाबेसच्या नकलेला मुख्य करणं हेही मी हाताने करतो. राखणदार साइट दुसरीकडे वळवतो, लोकांना पानं दिसू लागतात, ऑर्डरच्या जागी 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं येतं. मग मी टिपण उघडतो: पहिला खरंच बंद आहे याची खात्री, पॅनेलमधून त्याची वीज बंद, नक्कल थांबव, 'फक्त वाचा' काढून टाक, एक चाचणी ऑर्डर. दहा मिनिटांचं काम आहे. ही दहा मिनिटं ज्या धंद्याला चालत नाहीत, त्यांचं महिन्याचं बजेटही दीड हजार नसतं.

पायरी ६: मेल, आणि त्याचा वेगळा स्वभाव

वेबसाइट मिनिटभर बंद पडली तरी समोरच्याला कळतं. मेलचं तसं नाही, तो वाट पाहतो. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला तुमचा सर्व्हर सापडला नाही तर तो पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा येतो. हा प्रयत्न किमान चार-पाच दिवस चालू ठेवावा असं एसएमटीपीचं, म्हणजे मेल पोचवण्याच्या पद्धतीचं, मानकच सांगतं. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये मूळची मुदत पाच दिवसांची आहे.

तुर्भ्याच्या फळबाजारात गाळा असलेले माझे एक ग्राहक आहेत, आंब्याचे व्यापारी. एका एप्रिलमध्ये, ऐन हापूसच्या हंगामात, त्यांचा मेल सर्व्हर रात्री दोनला पडला आणि सकाळी आठला उठला. साडेआठला फोन.

"अरे, रात्रीपासून दुबईचा एकही मेल नाही. गेल्या की काय ऑर्डरी?"

"काका, गेल्या नाहीत, वाटेत थांबल्यात. सर्व्हर आत्ताच उठलाय. येतील त्या, तुम्ही थोडा धीर धरा."

अकरा मेल होते. पहिला पावणेनऊला आला, शेवटचा दुपारी एकला, कारण प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर पाठवणारा सर्व्हर पुढचा प्रयत्न लांबवत जातो. एकही हरवला नाही. दुसरा मेल सर्व्हर तेव्हा नव्हताच.

म्हणून कमी पैशात मेलची जोडी करताना आधी पेट्यांची प्रत राखा, बाहेर जाणारा मेल पोचता करा, आणि येणारा मेल घेणारा दुसरा सर्व्हर शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात, एमएक्सची (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा ते सांगणारी) दुसरी नोंद घालतात आणि झालं म्हणतात.

पेट्यांपासून सुरू करू. मुख्य सर्व्हरवर पोस्टफिक्स आणि पेट्या उघडून देणारा डव्हकॉट, पत्रं मेलडिर पद्धतीने, म्हणजे प्रत्येक पत्राची वेगळी फाईल. दुसऱ्या सर्व्हरवरही डव्हकॉट, तीच खाती. जुन्या लेखांत डव्हकॉटच्या अंगभूत रेप्लिकेशनची कृती सापडेल, ती उतरवून घेऊ नका. २.४ आवृत्तीतून ते काढून टाकलं आहे. त्याऐवजी डव्हकॉटचाच सिंकचा आदेश दर दहा मिनिटांनी क्रॉनमधून चालवा. आरसिंकपेक्षा तो बरा, कारण पत्र वाचलं की मेलडिरमध्ये फाईलचं नावच बदलतं, आणि आरसिंकला ते नवं पत्र वाटून पेटीत एकाची दोन होतात. फोन आणि आउटलुकमध्ये सर्व्हरचं नाव घाला, आयपी कधीच नको. वेळ आली की ते नाव तुम्ही दुसऱ्या सर्व्हरकडे वळवाल आणि ग्राहकाला कुठेच हात लावावा लागणार नाही.

बाहेर जाणारा मेल हा सगळ्यात चिवट भाग. आधी पोर्ट २५ पाहा. गूगल क्लाउडवर ते बाहेरच्या दिशेने बंदच असतं, ॲमेझॉनवर अर्ज करून उघडून घ्यावं लागतं. सर्व्हर विकत घेण्याआधीच विचारा. मग आयपीची उलटी नोंद: आयपीवरून नाव निघालं पाहिजे, त्या नावावरून तोच आयपी, आणि पोस्टफिक्स स्वतःचं नाव सांगतो तेही तेच. ही नोंद तुमच्या डीएनएसमध्ये होत नाही, व्हीपीएस कंपनीच्या पॅनेलमध्ये होते. आयपीव्ही६ ची उलटी नोंद करता येत नसेल तर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वर ठेवा. नाहीतर काही मेल जीमेलला पोचतात आणि काही परत येतात, आणि कारण दिवसभर सापडत नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी नियम कडक केले. कुणीही पाठवा, एसपीएफ (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरांवरून येऊ शकतो ती यादी) किंवा डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) हवंच. जीमेलला दिवसाला ५००० हून जास्त मेल धाडणाऱ्याला दोन्ही, वर डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं ते सांगणारी नोंद). आपण थोडेच मेल पाठवत असलो तरी तिन्ही करा. एसपीएफमध्ये दोन्ही सर्व्हरांचे आयपी घाला, आणि एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच ठेवा. दुसऱ्या सर्व्हरसाठी वेगळी दुसरी नोंद केली तर दोन्ही निकामी होतात. डीकेआयएमच्या किल्ल्या मात्र दोन सर्व्हरांना दोन, वेगळ्या सिलेक्टरने, म्हणजे किल्लीच्या वेगळ्या नावाने. डीमार्क सुरुवातीला 'नुसतं कळवा' या धोरणावर, महिनाभर अहवाल वाचून मग घट्ट करा. राखीव सर्व्हरच्या आयपीला नाव कमवायला वेळ लागतो, म्हणून रोजचे थोडे मेल त्याच्यातूनही जाऊ द्या. संकटाच्या दिवशी पहिल्यांदाच त्याने शंभर मेल पाठवले तर ते स्पॅममध्ये बसणार.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर मधली वाट आहे. येणारा मेल तुमच्याकडे, जाणारा एखाद्या रिले सेवेमार्फत, म्हणजे तुमचा मेल पुढे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत. आणि ऑफिसात चार-पाचच खाती असतील तर मेल सरळ विकत घ्या, सर्व्हर फक्त वेबसाइटचे ठेवा. मी तीन ग्राहकांना हेच सांगितलं आणि त्यांचं ठीक चाललं आहे.

आता दुसरा एमएक्स. पहिल्याला १०, दुसऱ्याला २०, कमी आकडा आधी. त्याचा खरा फायदा एकच: रांग तुमच्या हातात असते, मुदत पाचाची दहा दिवस करता येते, आणि सर्व्हर उठल्याबरोबर रांग एका आदेशात रिकामी करता येते. चुका मात्र तीन ठरलेल्या. दुसऱ्या सर्व्हरवर आपलं डोमेन माय-डेस्टिनेशनमध्ये लिहिलं, तर तो मेल पुढे न देता स्वतःकडेच टाकतो, आणि ती पत्रं महिन्यांनी कुठल्यातरी फोल्डरमध्ये सापडतात. डोमेन रिले-डोमेन्समध्येच हवं. दुसरी चूक, वैध पत्त्यांची यादी न देणं. मग तो कुठल्याही नावाचा मेल घेतो, पहिला तो नाकारतो, आणि 'पोचला नाही' अशी पत्रं भलत्याच लोकांना जाऊ लागतात. त्यातून आयपी काळ्या यादीत जातो. रिले-रेसिपियंट-मॅप्समध्ये खात्यांची यादी द्या आणि ती रोज आपोआप पाठवा. तिसरी चूक, त्यावर स्पॅमची गाळणी न लावणं. स्पॅम पाठवणारे मुद्दाम २० वाल्यालाच आधी गाठतात, कारण मागचं दार सहसा उघडं असतं.

पायरी ७: बॅकअप आणि नोंदी

रोज रात्री रेस्टिक या बॅकअपच्या साधनाने डेटाबेसची डंप (संपूर्ण उतारा), फोटो, पेट्या आणि दोन्ही सर्व्हरांची सेटिंगं तिसऱ्या जागी, म्हणजे वेगळ्या घेतलेल्या साठवणीत. त्या जागेची जुनी प्रत पुसायची किल्ली सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हरात शिरलेला माणूस बॅकअपही पुसून जाईल. शिवाय आठवड्याला एक प्रत घरच्या त्या जुन्या पीसीच्या डिस्कवर. महिन्यातून एकदा एक पेटी आणि एक टेबल खरंच उतरवून पाहा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्या आणि व्यावसायिकांना सर्व्हरचे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि घुसखोरीसारखी घटना कळल्यापासून सहा तासांत त्या संस्थेला कळवायची असते. डेबियनवर एनजिनएक्सचे लॉग मूळ सेटिंगमध्ये १४ दिवसांनी पुसले जातात. आकडा वाढवा, जुने लॉग दाबून तिसऱ्या जागी हलवा, नाहीतर मी सांगितली तशी डिस्क भरेल.

पायरी ८: तालीम

आंब्याच्या ग्राहकाची तालीम मी गुढीपाडव्याआधीच्या एका रविवारी घेतो, कारण पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत त्यांना एक तासही बंद परवडत नाही. तुमचा हंगाम कोणता ते पाहून तुमचा रविवार ठरवा. ग्राहकाला आदल्या दिवशी सांगा आणि सकाळी सातला सुरू करा.

आधी पहिल्यावरचा एनजिनएक्स थांबवा आणि घड्याळ लावा. राखणदाराचा निरोप किती मिनिटांत आला, मोबाईल डेटावर साइट कधी दिसली, घरच्या वायफायवर कधी, दोन्ही वेळा लिहा. एनजिनएक्स परत चालू करा. मग एनजिनएक्स चालू ठेवून फक्त डेटाबेस थांबवा. राखणदाराला तेही कळायला हवं. मग पॅनेलमधून पहिल्याची वीजच बंद करा, जीमेलवरून स्वतःला एक मेल पाठवा, तो दुसऱ्याच्या रांगेत थांबलेला डोळ्यांनी पाहा. नक्कल मुख्य करा, एक ऑर्डर द्या. शेवटी राउटर बंद करून राखणदाराच्या घरचं इंटरनेट तोडा आणि नोंद जागची हलत नाही ना ते बघा.

परत येताना घाई नको. पहिला सर्व्हर उठवा, त्याच्या डेटाबेसवर दुसऱ्याची ताजी प्रत चढवा, त्याला नक्कल म्हणून लावा, तो बरोबरीला आला की मगच भूमिका बदला. आमची पहिली तालीम सव्वातीन तास चालली होती, कारण टिपणात वायरगार्डच्या किल्लीची जागाच लिहिलेली नव्हती. गेल्या वेळची पन्नास मिनिटांत आटोपली आणि काकांनी गाळ्यावरून फोन करून विचारलं, "अरे, सुरू कधी करणार आहेस?"